भुयाराचा वास

नव्या स्टेशनातून वर रस्त्यावर येईपर्यंत आईनं तोंड उघडलं नाही. मोरॅगनं तिचा दंड धरला होता. थोरल्या भावानं, ॲलिकनं, तिच्यासाठी सगळं जमवून आणलं होतं. जवळजवळ तीन वर्षं बंद असलेली ग्लासगोची भुयारी रेल्वे नव्या कोऱ्या नारिंगी डब्यांनिशी सुरू झाली होती आणि आजची गाडी तो स्वतः चालवत होता. आईला त्यानं पुढच्या डब्यात बसवलं, अख्खं वर्तुळ फिरवून आणलं आणि एका वार्ताहराला बोलावून गाडीशेजारी दोघांचा फोटोसुद्धा काढून घेतला.

"कशी वाटली गं?" मोरॅगनं विचारलं.

"बरी आहे. स्वच्छ आहे." थोडं पुढे गेल्यावर आई, एफी, म्हणाली, "पण वास कुठे गेला तिचा?"

दुपारी गव्हनच्या घरी जेवायला बसल्यावर हाच विषय निघाला. टेबलाशी घरचेच होते. ॲलिकची बायको इस्पितळात पाळीवर होती, त्यामुळे तो एकटाच आला होता आणि नवा गणवेश मुद्दाम अंगावर ठेवून बसला होता. धाकटा भाऊ कॅलम होता. आणि नदीच्या पलीकडच्या काठावरून, पार्टिकहून, टीनी आत्या आली होती. बाबांची ही थोरली बहीण उभी हयात मर्कलंड स्ट्रीट स्टेशनच्या तिकीट खिडकीत बसली होती. बाबांची खुर्ची रिकामीच होती. जुनी गाडी बंद झाली त्याच वर्षी हिवाळ्यात ते गेले.

"मला विचाराल तर ओल्या कुत्र्याचा वास," कॅलम ताटातलं मांस कापता कापता म्हणाला. "ओलं कुत्रं, आणि त्याच्या मालकाचे मोजे."

"गप रे," मोरॅग म्हणाली. "डांबर, जळकं तेल आणि ओली माती. त्यात सगळ्यांचे पावसात भिजलेले लोकरीचे कोट. गाडीच्या आधी वारा यायचा आणि वाऱ्याच्या आधी वास. जिन्याच्या तोंडाशीच कळायचं, आता पळा, नाहीतर चुकली."

"मी तर डोळे मिटून स्टेशन ओळखायचो. नदीखाली गेलं की ओल चढायची आणि वास गारढोण व्हायचा." ॲलिकनं काटा खाली ठेवला. "पण खरा वास बाबांच्या कोटाला. तान्हा असताना मी रडायला लागलो की आई मला त्या कोटात गुंडाळायची. लगेच चूप! काय गं आई?"

"हो," एफी म्हणाली.

"रक्तातच आहे ते आमच्या. आजोबा, बाबा आणि आता मी. सकाळी त्या वार्ताहराला तेच सांगितलं. म्हटलं, केर्न्सच्या पोराची नस कापली ना, तर रक्त नाही, ग्रीस येईल."

"माझी कापू नकोस," कॅलम म्हणाला. "मी विमा विकतो. माझ्यातून नुसतं पाणी येईल."

सगळे हसले. टीनी आत्याही हसली. हल्ली तिच्या डोक्यात काल आणि चाळीस वर्षांपूर्वीचं एकमेकांत मिसळायचं, पण हसणं मात्र जुनंच होतं, खळाळतं. तिनं ॲलिकचा हात थोपटला.

"तुला तो वास आईच्या दुधाच्या आधी लागला रे, बाळा. ती शाल धुवून धुवून माझ्या बोटांची सालं निघाली होती. सोडा घातला, वाऱ्यावर टाकली, काही उपयोग नाही. शेवटी तुझा बाबा, रॅब, म्हणाला, जाळून टाक."

"कुठली शाल?" मोरॅगनं सहज विचारलं.

"टोपलीतली."

"कुठली टोपली?"

"टीनी, डंपलिंगचा गोड तुकडा घे तू," एफी म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. मोरॅगनं वळून पाहिलं. डंपलिंग कापायची सुरी आईच्या हातात तशीच अधांतरी राहिली होती.

"अगं, बाळ होतं ना ज्यात, ती," टीनी आत्या मोरॅगला समजावू लागली. "मागच्या डब्यात, बाकाखाली. कंडक्टरला वाटलं, कुणाचं तरी धुणं राहिलंय. सकाळपासून गोल गोल फिरत होतं बिचारं, आणि रडलं म्हणून नाही. पाळी संपताना रॅबनं वाकून बघितलं तर..." तेवढ्यात तिचं लक्ष एफीच्या चेहऱ्याकडे गेलं. ती थांबली. मग हळूच म्हणाली, "एफी, सांगितलं आहेस ना गं तू त्याला? रॅबच्या माघारी सांगणार होतीस."

कॅलम हसला. हसणारा तो एकटाच होता, आणि त्यालाच ते अर्ध्यावर कळलं.

"आई," ॲलिक म्हणाला, "ही काय बोलतेय?"

एफीनं सुरी ताटलीत ठेवली. ती फक्त 'म्हातारी बरळतेय' एवढंच म्हणेल म्हणून मोरॅग वाट बघत राहिली. आई ते म्हणत नव्हती.

*

एफीनं हे वाक्य मनाशी हजारदा घोकलं होतं. ॲलिक शाळेत जायला लागला तेव्हा, त्याच्या लग्नाच्या सकाळी, रॅबच्या दफनाहून परत येताना मोटारीत. दर वेळी शब्द जुळलेले असायचे. आज एकही हाताशी नव्हता.

"माझं पहिलं बाळ मेलेलंच जन्मलं," ती शेवटी म्हणाली. "मुलगी होती. याच घरात, त्या पलंगावर. टीनी होती सोबत, दुसरं कोणी नाही. डॉक्टरला बोलवायलाही वेळ मिळाला नाही. शेजारी कुणाला सांगायचं धाडस झालं नव्हतं मला. आणि त्याच आठवड्यात तुमचे बाबा टोपली घेऊन आले. म्हणाले, आजचा दिवस दूध पाज, उद्या पोलिसांत देतो."

"आणि?" ॲलिक.

"आणि मी दूध पाजलं."

पुढचं सांगायची गरज उरली नाही. खाली रस्त्यावर मुलं चेंडू खेळत होती, त्यांचा गलका वर येत होता.

"म्हणजे..." कॅलमच्या तोंडून निसटलं, "म्हणजे या घरात थोरला मुलगा मी."

मोरॅगनं टेबलावर हात इतक्या जोरात आपटला की कपबशा थरथरल्या. "लाज वाटत नाही? आत्ता हे सुचतंय तुला?"

"अगं, मी... तसं नव्हतं म्हणायचं मला..."

"आणि तू!" मोरॅग आईकडे वळली. लहानपणापासून आईची बाजू घेणारी हीच. तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. "खोटं बोललं की जिभेला फोड येतो म्हणायचीस. एक साखरेचा खडा चोरला म्हणून मला कोळशाच्या खोलीत कोंडलं होतंस. आणि तू स्वतः माणूस चोरलास?"

"चोरला नाही!" एफी उभी राहिली. "चोरला म्हणू नकोस. रॅब रोज चौकशी करायचा. पोलिसांत वर्दी नव्हती, पेपरात ओळ नव्हती. कुणी कुणी आलं नाही शोधायला. जिला मूल नको होतं, तिनं टाकलं. जिला हवं होतं, तिनं उचललं. यात पाप कसलं, ते सांग मला."

विरोधात बोलणारा कॅलमच असेल असं तिला वाटलं होतं. आयुष्यभर थोरल्याच्या सावलीत वाढलेला, टोमणे मारणारा कॅलम. पण तो उठला, आईच्या मागे येऊन उभा राहिला आणि त्यानं तिच्या खांद्यांवर हात ठेवले. "बस आई. मोरॅग, पुरे आता."

ॲलिक एकेक करून गणवेशाची बटणं सोडत होता. कोट काढून त्यानं खुर्चीच्या पाठीवर टाकला, जणू दुसऱ्या कुणाचा तो परत करत होता.

"आली होती," टीनी आत्या म्हणाली.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"काय म्हणालीस?" एफीनं विचारलं.

"आली होती गं ती. त्याच दुपारी." टीनी आत्याचा चेहरा आता लखलखीत शुद्धीवर होता. तिलाच त्याचा त्रास होत असावा. "मर्कलंड स्ट्रीटला. माझ्या खिडकीशी. पोरगीच होती, विशीचीही नव्हती. आयर्लंडची, डोनेगॉलची. बोलण्यावरून कळत होतं. म्हणाली, सकाळी टोपली गाडीत ठेवून मी उतरले, दुपारपर्यंत रस्त्यांवरून भटकले आणि मला राहवेना. म्हणाली, ही गाडी गोलच फिरते ना, बाई? मग परत येईलच ना ती?"

एफीचा हात टेबलाची कड शोधू लागला.

"मी म्हटलं, येईल. ती फलाटावर उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येक गाडीचा प्रत्येक डबा वाकून वाकून बघितला. रॅब तेव्हा टोपली घेऊन घरी पोहोचलाही होता, हे मला कुठे ठाऊक? संध्याकाळी इथं आले, तर तू त्याला छातीशी धरून बसली होतीस. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खिडकीशी. विचारलं, कुणाला बाळ सापडलं का?"

"तू काय सांगितलंस?"

"नाही म्हणून सांगितलं."

"टीनी..."

"मग काय सांगू? मुलगी गेल्यापासून तू त्या खिडकीशी उभी असायचीस, एफी. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी. रॅब आणि मी आळीपाळीनं तुझ्यावर नजर ठेवत होतो. ते पोर आलं आणि तू खिडकी सोडलीस. त्याला परत नेलं असतं तर तूही गेली असतीस. दोघींतली एकच वाचणार होती. मी माझ्या भावाची बायको वाचवली."

"पोलिसांत का नाही गेली ती?" कॅलमनं विचारलं.

"बाळ टाकलेली कुमारी पोरगी पोलिसांत जाते का रे? तुरुंगात घातलं असतं तिलाच. ती नुसती येऊन उभी राहायची. उन्हाळा लागेपर्यंत यायची."

"आणि रॅबला माहीत होतं?" एफीनं विचारलं. रॅबला माहीत असणं शक्यच नव्हतं. रॅब तिच्याशी साध्या गोष्टीतही खोटं बोलू शकत नसे. पत्त्यांत हरलेलंसुद्धा तोंडावर दिसायचं त्याच्या.

"त्याच्या समोरच तर असायची ती. गाडी फलाटात शिरली की पहिलं तिचंच तोंड दिसायचं त्याला. सहन होईना. म्हणून गाडी चालवणं सोडून कारखान्यात चाकांना तेल घालायला गेला."

"वीज आली म्हणून सोडली त्यांनी," ॲलिक म्हणाला. "दोरानं ओढायची गाडी गेली, मजा गेली, म्हणून. स्वतः सांगायचे मला."

"तुला दुसरं काय सांगणार?"

एफी हळूहळू खुर्चीत बसली. कुणी आलं नाही. या तीन शब्दांवर तिनं सगळं आयुष्य उभं केलं होतं. त्याच्या तापात जागताना, त्याला मारल्यावर रडताना, चर्चमध्ये मान खाली घालताना, हेच तीन शब्द ती देवासमोर ठेवत आली होती. आणि शेजारी झोपणाऱ्या नवऱ्याला ठाऊक होतं की कुणीतरी येत होतं. रोज येत होतं.

"नाव काय तिचं?" तिनं विचारलं.

"तेव्हा ब्राइडी डेव्हनी. आता हॅगर्टी."

"आता?" मोरॅग किंचाळलीच.

"नवरा वारला तिचा. दोन मुली, एक ऑस्ट्रेलियात असते. माझ्या मागच्याच रस्त्यावर राहते. गेल्या आठवड्यात मासळीच्या दुकानात माझ्या पुढे उभी होती. हॅडॉक घेतला."

"आत्या!" कॅलमनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "इतकी वर्षं तू तिच्यासोबत मासळीच्या रांगेत उभी राहतेस?" मग आणखी काहीतरी ध्यानात येऊन तो थोरल्या भावाकडे बघत राहिला. "डोनेगॉलची म्हणजे कॅथलिक. ॲलिक, तू दर शनिवारी आयब्रॉक्सच्या फुटबॉल मैदानात प्रोटेस्टंटांचा निळा मफलर गुंडाळून कॅथलिकांच्या नावानं शिव्या..."

ॲलिक खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. बोटीच्या गोदीतल्या क्रेनकडे बघत त्यानं विचारलं, "आत्या, ती रडायची का?"

"नाही. डबे बघायची नुसती."

एफी खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "माझा कोट दे कुणीतरी."

"कुठे निघालीस?" मोरॅगनं तिची वाट अडवली. "आई, वेड लागलंय का? इतक्या वर्षांनी तिच्या दारात जाऊन काय सांगणार? तिला धक्का बसेल. तिच्या मुलींना काही ठाऊक नसेल. आणि तू... तुला पकडतील गं!" रागावलेली मोरॅग आता घाबरून रडायला लागली होती. "उद्या जाऊ. विचार करून जाऊ."

"तिनं पुष्कळ वाट बघितली आहे," एफी म्हणाली.

दारामागच्या खुंटीवरून ॲलिकनं तिचा कोट काढला. काही न बोलता त्यानं तो उघडून धरला, आणि आईनं त्यात हात घातले.

*

नदी ओलांडायला ॲलिक आणि आई त्याच्याच गाडीत बसले, उतारू म्हणून. समोर चालवणारा त्याचा सोबती होता. त्यानं काचेतून अंगठा वर केला. ॲलिकनं मान हलवली.

राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग कुणावर धरायचा तेच उमजत नव्हतं. बाबा होते डोळ्यांसमोर, चाकाखाली वाकलेले, तेलानं माखलेले. लहानपणी तो डबा घेऊन कारखान्यात जायचा तेव्हा विचारायचा, तुम्ही पुन्हा गाडी का नाही चालवत? बाबा त्याच्या केसांतून कोपर फिरवायचे, हात घाण असायचे म्हणून. आणि म्हणायचे, इथं बरं आहे रे, इथं कुणी बघत नाही.

गाडी नदीखालून वर चढली आणि बोगदा एकाएकी रुंद झाला. नव्या बांधणीत मर्कलंड स्ट्रीट काढून टाकलं होतं. पुढे पार्टिकचं नवं स्टेशन झालं होतं, त्यामुळे इथं आता गाडी थांबत नाही. रुळांना तिथं थोडा उंचवटा आहे, तेवढीच खूण. रोज कितीदा तरी तो या जागेवरून वेग न उतरवता जात होता. आज काचेला तोंड लावून त्यानं बघितलं. फलाट नव्हता. काळोख होता, आणि खिडकीच्या फटीतून आत आला तो ओला, डांबरट, जुना वास. क्षणभरच. शेजारी आईनं श्वास रोखला. तिलाही आला होता. जन्मभर ज्या वासानं त्याला शांत केलं होतं, त्यापासून आज त्यानं तोंड फिरवलं. त्यानं आईकडे बघितलं नाही, पण तिचा हात आपल्या हातात घेतला. तो थंडगार होता.

टीनी आत्यानं सांगितलेलं घर सापडायला वेळ लागला नाही. हिरव्या टाइल्सचा जिना होता. ऊन अजून वरच्या झरोक्यातून पायऱ्यांवर पडलेलं होतं. पहिल्या वळणावर एफी थांबली.

"तू इथंच उभा राहा."

"मी येतो ना, आई."

"नको." जिना चढून तिला धाप लागली होती. "तिला भेटायला तुला खूप दिवस आहेत, ॲलिक. तुला बघितलं की ती मला काहीच बोलणार नाही. आणि मला ऐकायचं आहे तिच्याकडून. जे काय असेल ते."

"फार बोलली तर?"

"बोलू दे. मी हाक मारल्याशिवाय वर यायचं नाही. समजलं?"

"हो," तो म्हणाला, शाळकरी मुलासारखा.

कठड्याला धरून ती वर गेली. त्याला फक्त तिचे बूट दिसत होते, सकाळी फोटोसाठी त्यानंच पॉलिश केलेले. तिनं टोपी सारखी केली असावी, कारण घंटी वाजायला जरा उशीर झाला. आत रेडिओ चालू होता, तो बंद झाला. पावलं वाजली. साखळी लावलेलं दार किलकिलं झालं.

"कोण पाहिजे?" आवाज बारीक होता, आणि बोलण्याला डोनेगॉलचा हेल अजून तसाच होता.

ॲलिकनं भिंतीला हात टेकला.

"मी एफी केर्न्स. गव्हनची," वरून त्याच्या आईचा आवाज आला. "तुमची माझी ओळख नाही. चौतीस साली मर्कलंड स्ट्रीटला तुमची एक टोपली गाडीत राहिली होती."

खाली रस्त्यावरून बस गेली.

"तो माझ्याकडे आहे," एफी म्हणाली. "तुमचा मुलगा माझ्याकडे आहे."

वरून साखळी काढायची धडपड ऐकू येत होती. बोटांना ती जमत नव्हती, एकदा निसटली, पुन्हा अडकली, आणि मग सुटली.